शनिवार-रविवारी डोंगरात सायकल: पुणे-पुरंदरच्या हिवाळी वाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की ओळखीपाळखीतून तेच प्रश्न यायला लागतात. सायकल कोणती घ्यायची, जायचं कुठे, काटे लागले तर काय करायचं, मी सगळ्यांच्या मागे पडलो तर? आम्ही सहा-सात जण हिवाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी पुण्यातून बोपदेव नाहीतर दिवे घाट चढून पुरंदर तालुक्यात शिरतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी येतो. शर्यतीत उतरणारं आमच्यात कोणी नाही. या वाटांनी जे शिकवलं ते खाली लिहिलं आहे.

हिवाळाच का? पावसाळ्यात डोंगर जास्त सुंदर दिसतो की.

दिसतो, पण तेव्हा तो चालायला चांगला. पावसाळ्यात शेतवाटेवरची काळी माती टायरला अशी लिंपत जाते की पन्नास पावलांत चाक फोर्कमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या दुबेळक्यात, अडकतं आणि मग काडीने खरवडत बसावं लागतं. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं आणि गवत कमरेएवढं असतं, खालचा दगड दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून माती घट्ट बसते, गवत पिवळं पडून आडवं होतं आणि वाट उघडी पडते. डिसेंबर आणि जानेवारी हे खरे दोन महिने. पहाटे १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी, आणि दुपारी २८ ते ३०. म्हणजे सकाळी सात ते अकरा हे चार तास सायकलीसाठीच असल्यासारखे असतात.

तुम्ही नेमके जाता कुठे?

सुरुवातीला सगळ्यात सोपं म्हणजे कोंढवा-येवलेवाडीवरून बोपदेव घाट. घाट डांबरी आहे, पण चढ दम काढतो, त्यामुळे अंग आपोआप गरम होतं. माथ्यावर आलात की कानिफनाथाच्या डोंगराकडे वळता येतं. तिथून एका अंगाला पुणे धुरकट पसरलेलं दिसतं आणि दुसऱ्या अंगाला पुरंदर-वज्रगडाची जोडी. खाली बोपगाव, भिवरी, चांबळी या गावांच्या मधल्या गाडीवाटा आणि कच्चे रस्ते म्हणजे आमची शाळा. फार अवघड काही नाही. मुरूम, मधेच उघडा कातळ, एखादा कोरडा ओढा, बांधाच्या कडेने जाणारी वाट. नवीन माणसाने पहिले चार रविवार इथेच काढावेत असं माझं ठाम मत आहे.

पाय आणि हात तयार झाले की मल्हारगड. दिवे घाट चढून झेंडेवाडी, तिथून खिंडीच्या दिशेने. किंवा सासवडकडून सोनोरी गावात यायचं, सासवडपासून ते साधारण सहा किलोमीटर. हा गड १७५७ ते १७६० च्या सुमारास मराठ्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने बांधला. महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेल्या किल्ल्यांत त्याचं नाव घेतात. सोनोरीत पानसेंचा वाडा आहे. सायकली आम्ही पायथ्याशी ठेवतो आणि गड चालत चढतो. तटबंदीच्या आत सायकल फिरवू नका. वर खंडोबा आणि महादेव यांची देवळं शेजारी शेजारी आहेत, तिथल्या सावलीत दहा मिनिटं बसलं की चढ विसरायला होतो.

दिवे घाटात वाहनांची वर्दळ फार असते. उजाडल्या उजाडल्या घाट संपवा, मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि एका ओळीत चला. पायथ्याचा मस्तानी तलाव परतीच्या वाटेवर बघा, चढताना थांबू नका.

पुरंदर किल्ल्याबद्दल पुष्कळजण विचारतात. तिथे लष्कराचा तळ आहे, प्रवेशाला ओळखपत्र लागतं आणि बराचसा भाग बंद असतो. डांबरी चढ म्हणून पायथ्यापर्यंत जाणं उत्तम, पण ट्रेल, म्हणजे सायकलीची कच्ची डोंगरवाट, म्हणून तो धरू नका.

वेताळ टेकडी घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिथे का नाही?

तिथे आम्ही सायकल नेत नाही. रविवारी सकाळी टेकडीवर आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात, मोर वाटेवर येतात. वाट अरुंद आहे आणि वळणापलीकडचं दिसत नाही. आणखी एक कारण मातीचं. उतारावर चाक लॉक करून घसरत आलं की मातीत चर पडतो. पहिल्या पावसात पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ होते. शहराच्या मधोमध उरलेल्या टेकडीला हे सोसणारं नाही. चढाचा सराव हवा असेल तर डांबरी घाट आहेत.

शेतातल्या वाटेने गेलं तर लोक ओरडत नाहीत का?

ओरडतात, आणि त्यांचं बरोबर असतं. वाट दिसते म्हणजे ती सगळ्यांची असते असं नाही. कित्येक वाटा एका घराच्या, एका मळ्याच्या असतात. हिवाळ्यात पुरंदरच्या शेतात वाटाणा, ज्वारी, कांदा उभा असतो आणि अंजिराच्या बागांत खट्ट्या बहराची फळं तयार झालेली असतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या एका झाडामागे वर्षभराची मेहनत असते.

तीन वर्षांपूर्वी चांबळीच्या पुढे वाटेवर आडवी आलेली ठिबकची नळी माझ्या चाकाखाली सापडली. जॉइनर सुटला आणि पाण्याची पिचकारी उडाली. मला कळलंही नव्हतं. मागच्या मित्राने हाक मारली म्हणून थांबलो. मळ्यातले काका खुरपं तसंच हातात घेऊन आले. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी फक्त नळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर. आता हे गरम पाण्यात बुडवायचं असतं, पण तुझ्याकडे कुठलं गरम पाणी. अंगठ्याने दाब." दोघांनी मिळून जॉइनर बसवला. हात चिखलाने भरले. त्यांनी परत जाताना एवढंच सांगितलं की नळी दिसली की उतरायचं आणि सायकल उचलून पलीकडे ठेवायची.

तेव्हापासून आमचा नियम तोच आहे. नळी, पाट, ताजी नांगरट, काटेरी कुंपणाची फांदी, काहीही आडवं आलं की उतरायचं. फाटक उघडलं तर शेवटच्या माणसाने ते जसं होतं तसं लावायचं. शेतात माणूस दिसला तर आधी आपण "रामराम" म्हणायचं आणि विचारायचं, "काका, इकडून खाली गाव लागेल का?" उत्तरात बहुतेक वेळा नकाशात नसलेली एखादी चांगली वाट मिळते.

सायकल कोणती घेऊ?

पुढे सस्पेन्शन असलेली, मागे नसलेली हार्डटेल. पुढचं सस्पेन्शन १०० ते १२० मिलिमीटर दबणारं असलं तर या वाटांना पुरून उरतं. पैसे कुठे घालायचे हे विचाराल तर आधी हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये. घाट उतरताना एका बोटाने ब्रेक लागतो की चारही बोटांनी आवळावा लागतो, यावर तुमचे हात अकरा वाजता कसे असतील ते ठरतं. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही शॉकअपच्या स्वस्त सायकलीपासून लांब राहा. ती जड असते आणि चढावर प्रत्येक पॅडलला खाली-वर हलत तुमचा जोर खाते. गिअरच्या आकड्यावरही भुलू नका. पुढे एकच चक्र आणि मागे मोठी कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, असली की काम होतं.

आणि मापाची घ्या. मित्राची सायकल एक रविवार उसनी घेऊन बघितलेली बरी.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

पंपवाल्याने ठणठणीत भरून दिलेली हवा डोंगरात उपयोगाची नाही. चाक प्रत्येक खड्यावर उडतं आणि मुरमाला धरत नाही. ७० किलोच्या माणसाने, टायर २.२ इंच रुंद असेल आणि आत ट्यूब असेल तर २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी, मागे पुढच्यापेक्षा दोन जास्त. ट्यूबलेस असेल तर आणखी चार-पाच कमी. फार कमी केलं तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा काढते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारी शेजारी पडतात. तशी भोकं दिसली की समजायचं, काटा नव्हता, हवा कमी होती. घाटाच्या डांबरी चढावर कमी हवेची सायकल जड वाटेल, तेवढं सोसा.

काट्यांचं काय? माझी दर वेळी दोन-दोन पंक्चर होतात.

हा आमच्याकडच्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

काटे तीन तऱ्हेचे. बाभळीचा लांब पांढरा काटा, जो तोडलेल्या फांद्यांच्या कुंपणातून वाटेवर सांडतो. वेड्या बाभळीचा, जो आखूड पण लाकडासारखा टणक असतो. आणि सराटा. सराट्याचं झुडूप जमिनीला चिकटून पसरतं, पिवळं इवलंसं फूल येतं आणि हिवाळ्यात त्याची फळं वाळून सुटी होतात. फळ कसंही पडलं तरी एक टोक वर राहतं. माळावर सायकल टेकवून पाच मिनिटं फोटो काढले आणि परत आलो तर टायरवर अकरा सराटे मोजले आहेत मी. म्हणून सायकल माळावर आडवी टाकू नका, दगडावर किंवा कातळावर टेकवा.

ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला, हा एकच खरा इलाज. २९ इंची टायरला ८० ते १०० मिलिलिटर. आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. दिवाळीला घातलेलं संक्रांतीनंतर तपासलंच पाहिजे. चाक कानाजवळ धरून हलवा, आत पाण्यासारखं खळखळलं तर ठीक. काटा रुतलेला दिसला तर लगेच उपटू नका. त्यानेच भोक बुजवलेलं असतं. उपटायचाच असेल तर चाक फिरवून भोक खाली आणा, सीलंट तिथे जमू द्या आणि मग काढा.

ट्यूब वापरत असाल तर दोन जास्तीच्या ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि हातपंप. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू आणि गोल. काटा बाहेरून तुटतो आणि टोक आत राहतं. "दर वेळी दोन-दोन" याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

कुसळांचं वेगळंच. कुसळी गवताची टोकं मोज्यात शिरतात आणि घोट्याला टोचत राहतात. धुऊनही निघत नाहीत, एकेक उपटावं लागतं. गुळगुळीत, घट्ट विणीचे मोजे घाला, लोकरीचे नकोत.

मुरमाच्या उतारावर सायकल निसटते. कशी आवरायची?

आपला डोंगर बेसाल्टचा. तो कुजत कुजत मुरूम होतो आणि कडक जमिनीवर सुटे खडे पसरतात, शाबुदाणा सांडल्यासारखे. तिथे जोराचा ब्रेक म्हणजे पडणं.

वेग उताराच्या आधी कमी करा. सीट थोडी खाली घ्या, उभे राहा, दोन्ही पॅडल आडवी एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपर आणि गुडघे सैल. कंबर मागे, पण हात ताणले जाईपर्यंत नको, नाहीतर पुढच्या चाकावरचं वजन जातं आणि ते वळतच नाही. दोन्ही ब्रेक एकदम, हलके, सोडत-धरत. जिथे कातळ किंवा घट्ट माती दिसेल तिथे ब्रेक लावून घ्या आणि सुट्या खड्यांवर चाक मोकळं सोडा. नजर पुढच्या चाकावर नको, चार-पाच मीटर पुढे. दगडाकडे बघत राहिलात की सायकल त्याच दगडावर जाते.

उतरून चालत गेलं तर कोणी काही म्हणत नाही. आमच्यातले सगळ्यात अनुभवी दोघं चांबळीच्या ओढ्याचा उतार आजही चालतच उतरतात.

माझा वेग कमी आहे. मी आलो तर ग्रुपचा खोळंबा होईल ना?

होऊ दे. हे मी मनापासून लिहितो आहे, कारण आमचं उलटं करून झालं आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भिवरीच्या पुढे आम्ही चौघे जोरात होतो. एका फाट्यावर डावीकडे वळलो आणि पुढे निघून गेलो. मागचा मित्र पाच मिनिटांनी तिथे आला. धुळीत सायकलींचे, बैलांचे आणि मोटरसायकलचे माग एकमेकांत मिसळलेले. तो सरळ गेला. फोनला रेंज नव्हती. पाण्याची बाटली संपलेली. आम्हाला तो दीड तासाने एका वस्तीवर सापडला. तिथल्या वहिनींनी त्याला चहा दिला होता आणि तो ओट्यावर गप्प बसून होता. त्याने कोणाला काही म्हटलं नाही. परतीच्या वाटेवरही बोलला नाही. पुढचे तीन रविवार तो आला नाही, आणि ते तिन्ही रविवार माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

आता पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक फाट्यावर पहिला माणूस थांबतो आणि मागचा डोळ्यांना दिसेपर्यंत हलत नाही. वाट कितीही ओळखीची असली तरी. सगळ्यात शेवटी कायम एक अनुभवी गडी असतो, त्याच्याकडे हत्यारं आणि प्रथमोपचाराची पिशवी. आणि शेवटचा माणूस फाट्यावर पोचला की लगेच निघायचं नाही. पुढचे लोक दहा मिनिटं बसलेले असतात, त्याने मात्र आत्ताच पाय टेकवलेला असतो. त्यालाही दोन घोट पाणी पिऊ द्या. निघायचं कधी, हे तो सांगेल.

थंडीत कपडे कसे घालायचे?

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातच ऊब वाटत असेल तर घाटाच्या दुसऱ्या वळणावर घामाघूम व्हाल आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तोच घाम गारठवेल. आत घाम सुकवणारा टी-शर्ट, वर घडी होऊन खिशात जाणारा विंडचीटर. हेल्मेटखाली जाड कानटोपी बसत नाही, मफलरीऐवजी पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची ताणली जाणारी कापडी नळी, घ्या. तो मुरमाच्या फुफाट्यात नाकावरही ओढता येतो. पूर्ण बोटांचे हातमोजे. पॅडवाली शॉर्ट्स असेल तर आत दुसरं काही घालायचं नसतं.

माथ्यापेक्षा खाली नदीकाठी जास्त गारठा असतो, हे नव्यांना नवल वाटतं. रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते. कऱ्हेच्या काठाने सकाळी सव्वासातला गेलात तर बोटं कळेनाशी होतात.

खायला-प्यायला काय न्यायचं?

थंडीत तहान कळत नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी न्या आणि दर वीस मिनिटांनी घोट घ्या. गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी, जानेवारीत तिळाचे लाडू. तासाभराने थोडं थोडं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

आणि जानेवारीत हुरडा सोडू नका. ओळखीच्या मळ्यावर आधी सांगून ठेवायचं. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजतात, हातावर चोळून गरम गरम दाणे पुढ्यात टाकतात, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. पैसे विचारून, मोजून द्या. भरपेट खाऊन लगेच चढ मात्र चढवत नाही, म्हणून हुरड्याचा रविवार आम्ही परतीला सगळा उतार येईल असा आखतो.

कुत्री आणि साप?

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत जा. चाक फिरायचं थांबलं की बहुतेक कुत्री थांबतात. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात, त्यांची कुत्री मेंढरं राखायलाच असतात. कळप दिसला की लांबूनच हाक द्या, "दादा, कुत्रं आवरा हो," आणि मेंढरं पुरती जाईपर्यंत थांबा.

घोणस हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला वाटेवर पडून राहते. वाळक्या पाचोळ्यात ती दिसत नाही. वाट सोडून गवतात पाय टाकू नका. दंश झालाच तर आवळून बांधू नका, कापू नका, अवयव हलवू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. उसाच्या कडेने अंधारात जाणं टाळा, बिबट्याची शक्यता असते. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, कच्च्या वाटेला त्यानंतरच लागा.

वाटेत काही मोडलं तर?

अलन कीचा संच, चेन ब्रेकर (चेन तोडायचं हत्यार), तुमच्या चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि जास्तीचा डिरेलर हँगर. हँगर म्हणजे मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, जिथे लटकतो तो लहानसा मऊ धातूचा तुकडा. काडी अडकली की फ्रेमऐवजी तो मोडावा यासाठीच असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून स्वतःचा स्वतःच न्यावा. तो नसेल तर डिरेलर काढा, चेन तोडून आखूड करा आणि मागच्या मधल्या एका चक्रावर सरळ रेषेत जोडा. एका गिअरवर हळूहळू घर गाठता येतं.

चेनला हिवाळ्यात कोरडं वंगण लावा. ओलं तेल लावलं तर फुफाटा चिकटून त्याची घासण होते.

अवकाळी पाऊस झाला तर?

दोन दिवस थांबा. रविवार हुकला तर हुकला. ओल्या काळ्या मातीत पडलेला चाकाचा माग वाळून दगडासारखा होतो आणि पुढे महिनाभर बैलगाडीला आणि शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना त्रास देतो.

मुलांना आणता येईल?

हो, बोपगाव-भिवरीच्या सपाट गाडीवाटेवर. घाटमाथ्यापर्यंत सायकल गाडीला लावून आणा.

सीझन संपतो कधी?

काटेसावर आणि पळस फुलले की आम्ही आवरतं घ्यायला लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस दहा वाजताच ऊन चटके देतं, गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने वणवा लागतो. तेव्हा डोंगरात स्टोव्ह नको, विडी-सिगारेट नको. महाशिवरात्रीच्या मागचा-पुढचा रविवार आमचा शेवटचा. त्या दिवशी कानिफनाथाच्या डोंगरावर जातो, गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा आलेल्याला पुढे ठेवतो आणि प्रत्येक फाट्यावर तो थांबतो का ते बघतो.